मेणकापड आणि सी ग्रेड

पॅरिसच्या पिकासो म्युझियममध्ये लेकीनं मला एका चित्रासमोर उभं केलं. "बाबा, आता आईला समजावून सांगा. तुम्ही इंटरमिजिएट ड्रॉइंग पास ना!" सासरेबुवांवर छाप पाडायला पस्तीस वर्षांपूर्वी मारलेली फुशारकी अशी परदेशात अंगलट आली. ग्रेड मी तेव्हाही सांगितली नव्हती.

चित्र 1912 चं, 'वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र'. लंबगोल, ताटापेक्षा थोडं मोठं, आणि चौकटीऐवजी भोवती चक्क दोर.

"खुर्ची कुठाय?" ही म्हणाली.

"ही काय, वेताची वीण." मी ठसक्यात बोट दाखवलं.

"बाबा, वेत नाही तो. वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलंय."

"आपल्या डायनिंग टेबलावर असतं तसलं?" हिचा चेहरा उजळला आणि माझी विद्वत्ता तिथंच संपली. हिनं भराभर लिंबाची फोड शोधली, सुरी शोधली. मला वर 'जे-ओ-यू' एवढी अक्षरं दिसली. "जॉय लिहायचं असेल, चुकलं," असं मी म्हणणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "'झुर्नाल'ची सुरुवात, म्हणजे वर्तमानपत्र. शिवाय 'झुए' म्हणजे खेळणं."

"म्हणजे पेपर वाचून टेबलावरच टाकलाय," ही म्हणाली. "वर पाइप ओढत बसलाय. पुरुषच तो."

राहिला पेला. बराच वेळ तो मला सापडेना. सापडला तो तुकड्यातुकड्यांत, थोडा वरून, थोडा समोरून. आणि एकदम शाळेतला वस्तुचित्राचा पेपर आठवला. मी तांब्याचं तोंड वरून पाहिल्यासारखं गरगरीत गोल काढलं होतं आणि बूड समोरून पाहिल्यासारखं सरळ रेषेत. आमचे सर म्हणाले होते, "एकाच वेळी माळ्यावर आणि जमिनीवर बसला होतास काय रे?" सी ग्रेड! एकच वस्तू अनेक बाजूंनी एकदम दाखवायची हा उद्योग पिकासो आणि त्याचा चित्रकार मित्र ब्राक 1908 च्या सुमारापासून करत होते. त्यांना क्युबिस्ट म्हणतात. मला शेवटच्या बाकावर बसवलं.

हे सगळं मी हिला फार कळकळीनं सांगितलं. ती दोराकडे बघत होती. "पीळ चांगला आहे," म्हणाली.

रात्री लेकीच्या घरी टेबलावर पेला, सुरी, अर्धं लिंबू असं मांडून मी एक डोळा मिटून पाहत होतो. मागून आवाज आला, "तो पेपर उचला आधी, ताटं घ्यायचीत."