ग्रह घेताय? आधी सातबारा बघा

एखादा ग्रह बळकवायचा तुमचा विचार असेल आणि त्यावर आधीपासून कुणी निरुपद्रवी मंडळी राहत असतील, तर कृपा करून सैन्य नेऊ नका. कळकळीनं सांगतोय. मागच्या रविवारी भाचीबरोबर ‘बॅटल फॉर टेरा’ पाहिला आणि मानवजातीचा तो गलथान कारभार बघून मला रात्री जेवण गेलं नाही.

सिनेमा जुना आहे. २००७ साली टोरंटोच्या महोत्सवात दाखवला होता, अमेरिकेत लागला मे २००९ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात निळ्या माणसांचा तो अवाढव्य सिनेमा आला आणि हा बिचारा पार झाकोळला. गोष्ट अशी, की माणसांनी पृथ्वीची वाट लावली, मंगळ नि शुक्रावर वसाहती केल्या, वसाहतींनी स्वातंत्र्य मागितलं आणि त्या भाऊबंदकीत तिन्ही ग्रह गेले. उरलीसुरली माणसं ‘आर्क’ नावाच्या खिळखिळ्या जहाजातून भटकतायत, हवा संपत आलीय. तेवढ्यात टेरा दिसतो. तिथले लोक हवेत तरंगत राहतात आणि वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय नवं काही करत नाहीत. माला नावाची एक पोरगी मात्र न विचारता दुर्बीण बनवते. टेराची हवा माणसाला सोसत नाही, म्हणून जनरल हेमर एक राक्षसी यंत्र खाली सोडतो: तिथली हवा घालवायची आणि प्राणवायू भरायचा. प्राणवायू टेरावासीयांना विषारी. म्हणजे जागा रिकामी करण्याचं काम त्यातच उरकलं.

भाची आठ वर्षांची आहे. तिनं मध्येच थांबवून विचारलं, “मामा, यात आपण कुठले?”

मी म्हटलं, “आपण कोथरूडचे,” आणि चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

तर जनरलसाहेबांचं चुकलं कुठे? पहिल्यापासून सगळंच. एक तर एवढ्या लांब जायचं काही कारण नव्हतं. सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर धावतंय, त्या वेगानं तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. ग्रह कसा हवा, तर ‘शहरापासून फक्त वीस मिनिटांवर’. ती वीस मिनिटं पहाटे तीन वाजता मोजलेली असतात हे जाहिरातीत लिहायचं नसतं.

दुसरं म्हणजे, आल्या आल्या माणसं उचलायला सुरुवात केली. मालाच्या बापालाच पळवलं. आता शांत माणसाच्या माळ्यावर काय पडलेलं असतं ते सांगता येतं का? टेराच्या म्हाताऱ्यांनी जुन्या काळची लढाऊ यानं लपवून ठेवलेली असतात, ती त्यांनी बाहेर काढली. झाली ना पंचाईत.

पुण्याच्या भोवतालची गावं अशी घेतली का कुणी? २०१७ साली महापालिकेत ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. शहराची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, मुंबईपेक्षा मोठी झाली, आणि बंदुकीचा एक बार निघाला नाही. (फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांनी पुढे वेगळी नगरपरिषद मिळवली. अशी हट्टी माणसं प्रत्येक ग्रहावर निघतातच, मनाला लावून घेऊ नका.)

खरी पद्धत मी डोळ्यांनी पाहिलीय. नाना म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, त्या २३ गावांपैकीच एका गावचे. त्यांच्याकडे एक माणूस मोटरसायकलवर आला. बूट ओट्याखाली काढले, नानांच्या पाया पडला, पिठलं-भाकरी मागून खाल्ली. दुसरी भाकरी घेताना मामीला म्हणाला, “आई गेल्यापासून अशी भाकरी आजच खातोय.” जमिनीचा चकार शब्द नाही. दुसऱ्या खेपेला पेढे आणले, कशाचे ते कुणी विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला नानांचा गुडघा दुखतोय म्हणून त्यांना चारचाकीत घालून शहरात एक्स-रे काढायला घेऊन गेला, पैसेही त्यानंच दिले. चौथ्या खेपेला सातबारा सहज हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि हळहळला. “नाना, नऊ नावं लागलीत हो याला. उद्या पोरं भांडतील.”

पोरं तोवर भांडत नव्हती. त्या दिवाळीत भांडली.

मोजणीवाले आले तेव्हा बांधावर चहा नानांनीच पाजला. कुलमुखत्यारपत्रावर सही करायच्या वेळी त्या माणसाचं पेन चालेना, तेव्हा पेनही नानांनीच आपल्या खिशातलं काढून दिलं. जनरल हेमर, ऐकताय ना? बापाला पळवून न्यायचं नसतं, एक्स-रे काढायला न्यायचं असतं.

तुम्ही म्हणाल, ही अलीकडची हुशारी. छे, घराणं जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशीला धरण बांधायचं ठरलं, तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा तयारच होता. ‘सार्वजनिक काम’ एवढं लिहिलं की खोरंच्या खोरं पाण्याखाली घालता यायचं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. तरी हा लढा का मोडला, ते ग्रह घेणाऱ्यानं वहीत उतरवून घ्यावं. जमीन कसायचा मावळा, पण पुष्कळ जमिनींचे कागद होते पुण्यातल्या सावकारांच्या पेटीत. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला भरपाई चालणार होती. तेव्हा एखादा ग्रह आवडला की त्याचं वातावरण तपासत बसू नका. तो आधीच कुणाकडे गहाण पडलाय, ते बघा. पुण्यातलंच कुणीतरी निघेल.

धरण झालं. सेनापतींच्या नावानं आपण पुण्यात रस्ता केला. मोठमोठी ऑफिसं, हॉटेलं आणि मॉल मिरवणाऱ्या त्या रस्त्यावर आज चौरस फुटाचा जो भाव आहे, तो ऐकला असता तर मुळशीचा मावळा आपण होऊन पाण्यात उतरला असता. विरोध करणाऱ्याला एकदा रस्त्याच्या पाटीवर बसवला की तो पुन्हा धरणावर जाऊन बसत नाही. हे मात्र सिनेमावाल्यांना कुठून तरी समजलेलं दिसतं. त्यात जिम नावाचा एक वैमानिक आहे, मालानं त्याचा जीव वाचवलेला. शेवटी तो ते हवा बदलायचं यंत्र उडवतो आणि स्वतःही त्यात जातो. लगेच त्याचा पुतळा. तेवढं एक काम आपल्या पद्धतीनं झालं.

आता हवेचं. इथे हेमरनं जी घाई केली तिला तोड नाही. हवा बदलायचं काम पृथ्वीवर एकदा झालेलं आहे आणि ते कोणत्याही जनरलनं केलेलं नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, हिरवट निळ्या रंगाच्या इवल्याशा जिवाणूंनी उन्हात बसल्या बसल्या प्राणवायू सोडला, सोडतच राहिले, आणि हवेत तो साठू लागला. त्या वेळी जे जीव सुखानं नांदत होते त्यांतल्या पुष्कळांना तो विषच होता. काही संपले. उरले ते जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, चिखलात तोंड लपवून राहिले. आपल्या सगळ्यांचा श्वास हा असा दुसऱ्याच्या जागेवर घेतलेला आहे, आणि इतक्या सावकाश घेतलेला, की कुणी हरकत नोंदवली नाही.

या विस्थापितांचं पुनर्वसन मात्र एका शहरानं मनावर घेतलं, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे. एप्रिलच्या संध्याकाळी मुठेकाठच्या रस्त्यानं जा आणि थोडं थांबा. सांडपाणी नदीत येतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि तळाच्या काळ्या गाळात ती जुनी मंडळी पुन्हा मोकळेपणानं नांदू लागतात. नाकाला जो कुजक्या अंड्यांचा वास झोंबतो तो त्यांचा उच्छ्वास, हायड्रोजन सल्फाइड. प्रकल्पग्रस्तांना २४० कोटी वर्षांनी का होईना पण प्रत्यक्ष ताबा मिळाला, अशी दुसरी फाईल मला दाखवा. आपण नाकाला रुमाल लावतो ते माझ्या मते असभ्यपणाचं आहे.

कायद्याचं काय, असं कुणी घाबरट विचारेल. आहे ना कायदा. १९६७ चा अंतराळ करार आहे, भारतानंही तो मान्य केलाय. चंद्र असो की आणखी कुठला गोल, कोणत्याही देशाला त्यावर मालकी सांगता येत नाही आणि तिथे घाणही करायची नाही. ही कलमं मंडळी इतकी मनावर घेतात, की २००३ साली नासानं आपलं चांगलं कामाचं गॅलिलिओ यान गुरूच्या वातावरणात लोटून संपवलं. न जाणो, भरकटून ते युरोपा नावाच्या चंद्रावर पडलं आणि पृथ्वीवरचा एखादा जंतू तिथे उतरला तर? २०१७ साली कॅसिनीलाही त्याच काळजीपोटी शनीत सोडून दिलं. युरोपावर कुणी राहतं याचा अजून काही पुरावा नाही.

वेताळ टेकडीवर मोर राहतात याचा पुरावा रोज सकाळी सहा वाजता ओरडतो. तिथून रस्ता आणि बोगदे न्यायचे आराखडे आहेत.

यातून तुम्ही काय घ्यायचं ते सांगतो. जिथे कदाचित कुणी असेल, तिथे फार जपून वागायची पद्धत आहे. तेव्हा जिथे नक्की कुणीतरी राहतंय अशीच जागा निवडा.

नावाची तयारी आधीपासून ठेवा. जे तोडणार त्याचं नाव द्यायचं, म्हणजे नंतर कुणी ‘इथे काय होतं हो?’ असं विचारत नाही. आमराई तोडली तर ‘आमराई’, ओढा बुजवला तर ‘निर्झर’. टेरावासी हवेत तरंगायचे, म्हणून ‘तरंग, फेज एक’. हे मी फुकट देतोय.

पण खरं सांगू? सिनेमाचा शेवट बघून मी जनरलला निम्मं माफ केलं. यंत्र उडाल्यावर टेराचे लोक माणसांना हाकलून देत नाहीत. आपल्याच ग्रहावर त्यांच्यासाठी मोठा घुमट बांधून देतात, आत माणसांना हवी तशी हवा. दिग्दर्शकाला वाटलं असावं की हा समेट झाला. मी ताडकन उठून बसलो. अहो, ही तर सोसायटी! आत आपली हवा, आपलं पाणी, आपली बाग, भोवती भिंत, आणि सगळं मूळ मालकानं हौसेनं बांधून दिलेलं. याच्यासाठी एवढी लढाई केलीत? एक फाटक बसवा, एक रजिस्टर ठेवा. पाच वर्षांत टेरावासी फाटकाबाहेर उभे राहून आत सोडण्याची विनंती करतील.

थाप मारत नाही. नानांच्या जमिनीवर आता तीन इमारती आहेत. बांधावरची जुनी चिंच तेवढी ठेवलीय, माहितीपत्रकावर तिचा फोटो आहे आणि बुंध्याभोवती बसायला कट्टा. नाना राहतात गावठाणात, रस्त्यापलीकडे. फेब्रुवारीत चिंचा गाभुळल्या तशी त्यांना राहवेना. मी तिकडे गेलो होतो, म्हणाले चल. पायीच गेलो.

फाटकावरचा पोरगा त्यांच्याच भावकीतला, गणवेशात. तो उठून उभा राहिला, पण त्यानं मोबाइलही पुढे केला. “कुणाकडे जायचं नाना?”

“चिंचेकडे.”

“फ्लॅट नंबर टाकावा लागतोय.”

चिंचेला फ्लॅट नंबर नव्हता. त्यानं जरा विचार करून तळमजल्यावरचा, झाडाला सगळ्यांत जवळचा नंबर टाकला. आम्ही तिघं मोबाइलकडे बघत उभे राहिलो. मिनिटभरानं नकार आला. आतल्यांची काही चूक नाही, नानांना ओळखायचं त्यांना काय कारण?

पोरगा इकडेतिकडे बघत आत गेला आणि टोपीत दोन मुठी चिंचा घेऊन आला. नानांनी एक फोडून तोंडात टाकली, बाकीच्या धोतराच्या सोग्यात घेतल्या. निघणार, तेवढ्यात पोरानं कॅमेऱ्याकडे नजर टाकली आणि ओशाळून वही पुढे केली. ‘बाहेर नेलेले साहित्य’ असा रकाना होता. नानांनी खिशातलं तेच पेन काढलं, ‘चिंचा, अंदाजे पाव किलो’ असं लिहिलं आणि सही केली.