काटकसरीला चारशे व्होल्ट

आमच्या मिरजेच्या घरात व्होल्टेज वाढलं की सण असायचा. एरवी संध्याकाळी ट्यूब लुकलुकणार, पंख्याची पाती मोजून घ्यावीत, मिक्सरमधली चटणी भरडच राहणार. त्यामुळे वळीव झोडपून गेल्यावर ट्यूब लख्ख पेटली, पंखा छत सोडून निघाल्यासारखा गरगरला, तेव्हा आई हरखून म्हणाली, "आज होल्टेज काय झकास आलंय!" तेवढ्यात सेट टॉप बॉक्समधून 'चट्' आवाज आला आणि जळका वास सुटला. स्पाइक गार्डनं देह ठेवला, जाताना टीव्हीलाही सोबत नेलं.

वायरमन आला. खिशाला टेस्टर, तोंडात तंबाखू. निदान एका वाक्यात: "काका, खांबावरची विजेची परतीची तार, न्यूट्रल, तुटलीय."

"मग फ्यूजच्या जागचा एमसीबी का नाही पडला?" बाबांनी विचारलं.

"त्याला करंट जादा झाला तर कळतंय. व्होल्टेजचं त्याला काय!"

पुढचं ऐकून बाबा खुर्चीत बसले. न्यूट्रल शाबूत असलं की ज्याला त्याला आपापले २३० व्होल्ट मिळतात. ते तुटलं की दोन फेजमधले, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारांमधले, ४०० व्होल्ट आजूबाजूच्या घरांत वाटले जातात, आणि वाटणी उफराटी. ज्याचा लोड जास्त त्याला व्होल्ट कमी. ज्याचा लोड कमी, उरलेले सगळे त्याच्या अंगावर. शेजारच्या काकूंचा फेज वेगळा. त्यांच्याकडे गिझर, इस्त्री, तिन्ही खोल्यांत दिवे. त्यांचे दिवे नुसते मिणमिणले. आमच्याकडे एक ट्यूब, एक पंखा आणि टीव्ही, कारण रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बाबा माणूस बाहेर पडायच्या आत बटण बंद करतात.

"म्हणजे आम्ही वीज वाचवली म्हणून..." बाबांनी वाक्य सोडून दिलं. वायरमननं खिडकीबाहेर पिंक टाकली. वयाचा मान राखला म्हणायचा.

मग उपाय. व्होल्टेज फार चढलं की घराची लाईन तोडणारं यंत्र मीटरजवळ बसवायचं. विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा, पण अर्थिंग धड नसेल तर तो शोभेचा. आमची अर्थिंगची तार खणून पाहिली तर ती वीतभर मातीत जाऊन संपलेली. आठ फूट खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि पोतंभर खडे मीठ. वाण्यानं विचारलं, "यंदा लोणचं जास्त घालताय?" मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतायचं असतं, आई तांदूळ धुतलेलं पाणी तिथंच नेऊन ओतते आणि वर हळदकुंकूही वाहते.

यंत्र मात्र भलतंच दक्ष निघालं. ऐन मालिकेच्या वेळी खटकन घर अंधारात. बाबा ओसरीवर येऊन काकूंच्या उजळलेल्या खिडक्यांकडे पाहतात आणि समाधानानं म्हणतात, "त्यांच्याकडे असलं काही बसवलेलं दिसत नाही."