‘धूर नाही, म्हणून धोका नाही’ : गांजाच्या व्हेप पेनविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर मराठीतला एक लांबलचक संदेश फिरतो आहे. गांजाच्या तेलाने भरलेली छोटी नळी, म्हणजे कार्ट्रिज, आणि ती ओढण्याचे बॅटरीवरचे पेन किती निर्धोक आहे, हे त्यात सहा मुद्द्यांत पटवून दिले आहे. माझ्यापर्यंत तो धाकट्या बहिणीमार्फत पोहोचला. तिचे गुडघे दुखतात, मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे, आणि ‘आई, दिवाळीला येताना तुझ्यासाठी एक पेन आणतो, हे वाचलेस की भीती जाईल’ असे लिहून त्याने तो तिला पाठवला होता. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. पण घरातलीच एक बाई त्यावर विश्वास ठेवून विमानातून येणाऱ्या पेनाची वाट पाहू लागली, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : पेनातून निघते ती नुसती वाफ, धूर नव्हे, २०१९ साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे, म्हणजे अशी पेने ओढल्याने, जी माणसे दगावली ती निकोटिनमुळे, गांजाच्या तेलात उलट व्हिटॅमिन ई असते आणि ते फुफ्फुसांना पोषक आहे, तेल घट्ट असेल आणि त्यातला बुडबुडा सावकाश वर चढत असेल तर माल शुद्ध समजावा, अमेरिकेत हे सारे कायदेशीर आणि तपासलेले असते, भांग ही आपलीच परंपरा असल्याने भारतातही हा गुन्हा नाही, आणि शेवटी, ओढल्यावर खोकला आला तर फुफ्फुसे साफ होत आहेत असे मानावे.

दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण ज्या पदार्थाने माणसे मारली त्यालाच टॉनिक ठरवण्याचा पराक्रम तिथे झाला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांतल्या रुग्णालयांत धडधाकट तरुण श्वास लागलेल्या अवस्थेत येऊ लागले, आणि त्यांच्यात समान धागा होता तो फक्त व्हेपिंगचा. सप्टेंबरात या साथीने कळस गाठला. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे, म्हणजे सीडीसीकडे, २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती आणि ६८ मृत्यू निश्चित झाले होते. रुग्णांचे मध्यक वय होते २४, म्हणजे साधारण निम्मे रुग्ण त्याहून लहान होते. ज्यांनी काय ओढले ते सांगितले, त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांनी टीएचसी असलेला, म्हणजे गांजातला अमली घटक असलेला, माल वापरला होता. केवळ निकोटिन वापरल्याचे सांगणारे १४ टक्के होते. संदेशकर्त्याच्या पदरात घालण्यासारखे जे काही आहे ते या १४ टक्क्यांत आहे, आणि तेही रुग्णांनी स्वतः सांगितलेले. गांजाची कबुली द्यायला माणूस किती कचरतो हे कोणताही डॉक्टर सांगेल.

आता व्हिटॅमिन ई. पेनात आढळला तो पदार्थ व्हिटॅमिन ई ॲसिटेट. गोळीतून पोटात गेला किंवा क्रीममधून त्वचेवर लागला तर तो सहसा काही करत नाही, म्हणूनच त्याचे नाव इतके निरुपद्रवी वाटते. परंतु फुफ्फुस म्हणजे जठर नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सीडीसीच्या शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि माझ्या दृष्टीने या वादाचा निकाल त्यानेच लावला. सोळा राज्यांतल्या ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांत दुर्बीण घालून, आतल्या पोकळ्या मिठाच्या पाण्याने धुऊन, ते धुवण तपासण्यात आले. ५१ पैकी ४८ जणांच्या धुवणात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकाच्याही धुवणात ते नव्हते. म्हणजे पाकिटावर काय छापले होते किंवा रुग्णाने काय सांगितले यावर हा निष्कर्ष उभा नाही. पदार्थ जिथे इजा झाली तिथेच सापडलेला आहे. ते फुफ्फुसाला नेमके कसे जाळते याबद्दल दोन शक्यता मांडल्या गेल्या आहेत. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून जे स्निग्ध अस्तर असते ते या तेलाने बिघडत असावे. किंवा पेनातल्या तापलेल्या तारेवर त्याचे विघटन होऊन कीटीन हा अत्यंत दाहक वायू तयार होत असावा. दोन्हींपैकी कोणतीही खरी ठरली तरी त्यात पोषण कुठे बसते, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

मुळात हे तेल पेनात आले कसे, हे कळले की तिसरा मुद्दाही कोसळतो. गांजाचा अर्क महाग असतो. तो वाढवण्यासाठी त्यात काहीतरी घालायचे, तर साध्या द्रावकाने तो पातळ होतो, कार्ट्रिज उलटी केली की आतला बुडबुडा झरकन वर जातो आणि गिऱ्हाईक फसवणूक ओळखते. व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे रंगाने आणि घट्टपणाने अर्काच्या इतके जवळचे आहे की ते भरपूर मिसळले तरी बुडबुडा आपला सावकाशच चढतो. दुधात पाणी घातल्यावर दाटपणाची डिग्री बरोबर यावी म्हणून साखर किंवा युरिया टाकणाऱ्यांची जात ती हीच. तेव्हा ‘बुडबुडा पाहा आणि निश्चिंत व्हा’ हा सल्ला म्हणजे भेसळ करणाऱ्याने ज्या परीक्षेची आधीच तयारी करून ठेवली आहे, तीच परीक्षा घ्या असे सांगणे होय. मिनेसोटा राज्यात जप्त केलेल्या बेकायदा मालाची तपासणी या बाबतीत बोलकी आहे : २०१८ मध्ये पकडलेल्या दहा नमुन्यांपैकी एकातही हा पदार्थ नव्हता, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पकडलेल्यांपैकी तपासलेल्या वीसच्या वीस नमुन्यांत तो होता. एका वर्षात बाजाराने पाककृती बदलली आणि ओढणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

साथ ओसरली आणि हा पदार्थ बदनाम झाला, म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. भेसळीचा पदार्थ बदलतो, हेच तर वरच्या उदाहरणातून दिसते. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ शाळांतून जप्त केलेले ५९६ व्हेप तपासले, तेव्हा दर सहांपैकी साधारण एकात ‘स्पाइस’ निघाले. हे प्रयोगशाळेत बनवलेले रसायन, गांजाच्या नावाने विकले जाणारे आणि गांजापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक. मुलांना वाटत होते की आपण गांजाचे तेल ओढतो आहोत. हे निष्कर्ष २०२४ चे आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या साथीनंतरचे.

‘वाफ आहे, धूर नाही’ या पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. वनस्पती जाळली की कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर तयार होते, न जाळता तापवली तर ते पुष्कळ कमी होते. पण हे दाखवणारे जे प्रयोग वारंवार पुढे केले जातात, त्यांतल्या २००७ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अभ्यासासारख्या प्रयोगांत सुका गांजा तापवणारे टेबलावरचे यंत्र वापरले होते, तेलाचे कार्ट्रिज नव्हे. त्या यंत्राचे प्रशस्तिपत्र या पेनाला चिकटवणे ही चलाखी आहे. पेनातून जे बाहेर पडते ती चहाच्या कपावरची वाफ नसून तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा फवारा असतो, आणि तो थेट वायुकोशांपर्यंत उतरतो. शिवाय मात्रेचा प्रश्न निराळा. या तेलांत टीएचसीचे प्रमाण अनेकदा ७० ते ९० टक्के असते, तर साध्या गांजात ते त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१८ मध्ये क्वचितच गांजा घेणाऱ्या १७ जणांवर झालेल्या प्रयोगात, टीएचसीची मात्रा सारखीच ठेवूनही धूर ओढण्यापेक्षा वाफ ओढल्याचा अंमल अधिक तीव्र निघाला. २५ मिलिग्रॅमला काहींना उलट्या झाल्या. तेही सुक्या गांजावर. गुडघे दुखणाऱ्या, कधीही गांजा न घेतलेल्या साठीच्या बाईने तेलाचे चार झुरके घेतले तर चक्कर, धडधड आणि त्यात एखादी पडझड, हे काही अतिशयोक्त भय नाही.

अमेरिकेत कायदेशीर आहे, हा मुद्दा भाच्याच्या तोंडी जास्त असतो. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून परवानाधारक दुकानांत प्रौढांना गांजा मिळतो आणि तिथला माल तपासलेला असतो, हे खरे. २०१९ च्या साथीतही बहुतेक रुग्णांचा माल ओळखीपाळखीतून, ऑनलाइन किंवा रस्त्यावरून घेतलेला होता. परवानाधारक दुकानाचा माल त्याहून बरा, यात शंका नाही. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. आपण केवळ अधिकृत ठिकाणाहूनच माल घेतला असे सांगणारेही १६ टक्के होते, आणि ऑरेगनमध्ये जुलै २०१९ मध्ये दगावलेल्या एका व्यक्तीने वापरलेला माल परवानाधारक दुकानातलाच होता. शिवाय छान छापलेले पाकीट म्हणजे परवाना नव्हे. त्या काळात सर्वांत गाजलेल्या ‘डँक व्हेप्स’ या नावामागे एक अशी कंपनीच नव्हती. रिकामी पाकिटे आणि रिकामी कार्ट्रिज ऑनलाइन मिळत, ज्याला हवे त्याने घरी भरावीत. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा परगण्यात पोलिसांनी अशाच एका घरगुती कारखान्यातून भरलेली सुमारे ३१ हजार कार्ट्रिज पकडली. पेट्रोल पंपावर ‘हेम्प’ (कमी टीएचसी असलेली गांजाची जात) किंवा ‘डेल्टा-८’ (टीएचसीचाच भाऊबंद) म्हणून मिळणाऱ्या पेनांना तर गांजाच्या दुकानांचे नियम बहुतेक ठिकाणी लागूच नव्हते. आणि तेल शुद्ध असले तरी तापणारा धातूचा भाग असतोच : त्यातून शिसे तेलात उतरू शकते, म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१९ पासून ओढण्याच्या मालात ग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅम ही शिशाची मर्यादा घातली.

जाता जाता, तिथले डॉक्टरही गांजा देतात हे वाक्य संदेशात घुसडले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली गांजासंबंधी औषधे तोंडावाटे घ्यायची आहेत : केमोथेरपीतल्या मळमळीसाठी ड्रोनाबिनॉल, आणि अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी २०१८ पासून एपिडिओलेक्स. व्हेप कार्ट्रिजला कोणत्याही आजारासाठी त्या प्रशासनाची मान्यता नाही, गुडघेदुखीसाठी तर नाहीच.

कायद्याबद्दल संदेशात जे लिहिले आहे ते अज्ञान असेल तर क्षम्य आणि जाणून लिहिले असेल तर दुष्टपणाचे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या आहेत, त्यामुळे पानांची भांग त्याच्या कक्षेबाहेर राहते. संदेशकर्ता इथेच थांबतो. त्याच कायद्यात चरसाच्या व्याख्येत ‘हशीश तेल’ आणि घट्ट केलेला अर्क स्पष्ट शब्दांत घातला आहे, आणि तो देशात आणणे हा वेगळा गुन्हा आहे. अल्प प्रमाण असले तरी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याशिवाय सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्यानंतरच्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूकही बंद केली आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून फवारा करणारे प्रत्येक विद्युत उपकरण येते. थोडक्यात, आईसाठी म्हणून बॅगेत टाकलेले एक पेन मुंबईच्या विमानतळावर मुलाला एकाच वेळी दोन कायद्यांखाली उभे करू शकते. भांगेची परंपरा तिथे कामी येणार नाही.

राहिला खोकला, आणि मला सर्वांत जास्त राग याच मुद्द्याचा आला. २०१९ च्या रुग्णांत जी लक्षणे दिसली ती खोकला, धाप, छातीत दुखणे आणि ताप ही तर होतीच, पण अनेकांना उलट्या, जुलाब आणि पोटदुखीही होती, त्यामुळे सुरुवातीला न्यूमोनिया किंवा पोटाचा संसर्ग समजून प्रतिजैविके दिली गेली. खोकल्याला शुद्धीकरण मानून जो ओढत राहील तो रुग्णालयात उशिरा पोहोचेल, आणि घरच्यांच्या भीतीने पेनाचे नावही काढणार नाही. या आजाराची अशी एकच खास चाचणी नाही. निदान इतर कारणे वगळून आणि रुग्णाने व्हेपिंग केले होते हे कळल्यावरच होते. तेव्हा कोणाच्या घरात हे पेन आधीच पोहोचले असेल आणि ओढणाऱ्याला दम लागत असेल, तर पेन ताबडतोब बंद करावे, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, डॉक्टरांना गांजाचे व्हेप ओढल्याचे आडपडदा न ठेवता सांगावे, आणि कार्ट्रिज कचऱ्यात टाकून दिली असेल तर ती शोधून त्यांना दाखवावी.