तरंगलं!

रविवारी आमच्या सोसायटीच्या शिबिरात माझं रक्त नापास झालं. तेही चारचौघांत. बोट टोचून त्या मुलाने एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर तो बुडतो. माझा जरासा खाली गेला, विचारात पडला आणि वर आला.

"तरंगलं!" मागून काका ओरडले.

काका सदुसष्टचे. पासष्टच्या पुढे रक्त घेत नाहीत, म्हणून कमिटीने त्यांना बिस्किटांच्या डब्यावर बसवलंय.

"अगं, बीट खा. बीट लाल, रक्त लाल."

"मग हळदीने कावीळ होत असेल."

"चेष्टा नको. रक्त खाण्यातूनच होतं."

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. गप्प बसायला हवं होतं.

"काका, रक्त बनवायचा हुकूम किडनी सोडते."

"किडनीचं काम लघवी!"

हॉल हसला. मग मी पेटलेच. ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते. हाडांच्या मगजातल्या अर्ध्याकच्च्या पेशींच्या अंगावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे हात, असतात. हार्मोन दोन रिसेप्टर जोडीने धरतं, आतलं जॅक-२ एन्झाइम जागं होतं आणि केंद्रकापर्यंत निरोप जातो: मरू नकोस, लाल हो. निरोप आला नाही तर पेशी मुकाट मरते. फिनलंडच्या एरो मँटिरांटाच्या रिसेप्टरचं शेपूट जन्मतःच तोकडं होतं, हुकूम थांबवायची सोयच नाही. लाल पेशी भरमसाट, ऑक्सिजन मुबलक, आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदकं.

"बीट खात असेल," काका म्हणाले.

"आणि लघवीचं म्हणाल, तर हे हार्मोन १९७७ मध्ये शिकागोत गोल्डवासर या शास्त्रज्ञांनी शुद्ध केलं ते २,५५० लिटर लघवीतूनच. जपानमधल्या पेशंटांच्या. त्यांचा मगज ऐकत नव्हता, म्हणून किडनी ओरडत होती. हाती आलं काही मिलिग्रॅम."

काकांनी बिस्किटांच्या डब्यावर झाकण ठेवलं.

मशीनवर आकडा निघाला १२.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी बाईला बारा पुरतं, दानाला पुरत नाही. नियम माझ्याच भल्याचा आहे, कबूल. पण तीस वर्षं महिन्याच्या महिन्याला जे जातंय त्याला कधी कुणी प्रमाणपत्र दिलं नाही की ग्लुकोजचं बिस्कीट. किडनी बिचारी हुकूम सोडत असेल. लोखंडच नसेल तर त्या हुकमाचं काय लोणचं घालायचं? आणि घरात पालेभाजी सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईला चिकटलेली कुणाच्या वाट्याला येते, हे काकांनी एकदा काकूंना विचारावं.

बिस्कीट मागितलं तर म्हणाले, "ते दात्यांसाठी आहे गं."

संध्याकाळी वॉचमन दारात. काकांनी किलोभर बीट पाठवलं होतं. पिशवी शिबिराचीच, वर ठळक अक्षरांत: रक्तदात्यांचे हार्दिक आभार.