तायक्वांदो कोणाचे?

कोल्हापुरातल्या आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. तिथल्या एका शाळेने तायक्वांदो या कोरियन युद्धकलेचा वर्ग बंद करून मर्दानी खेळ शिकवावेत, अशी मागणी पुढे आली आहे. मर्दानी खेळ शाळेत यावेत, असे मलाही मनापासून वाटते. खटकले ते त्यासाठी दिलेले कारण. ‘१९४८ साली जन्मलेल्या दक्षिण कोरियाची स्वतःची युद्धकला कसली? ती कराटेची नक्कल, आणि कराटेचे मूळ तरी आपल्याकडून चीनला गेलेल्या बोधिधर्म भिक्षूचे,’ असे एका मित्राने लिहिले आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मी बारा वर्षे दक्षिण कोरियातल्या सुवॉनला राहतो. तायक्वांदोच्या पहिल्या पिढीतले बरेच गुरू जपानमध्ये कराटे शिकून आले होते, हे खरेच आहे. कोरियन सैन्यातले जनरल चोई होंग ही यांनी १९५५ मध्ये हे नाव पुढे आणले, तेव्हा जपानी राजवट जाऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेचा इथला दावा मलाही पटत नाही. पण घेतलेल्या गोष्टीचे या लोकांनी पुढे काय केले, हे पाहायला नको का? निरनिराळ्या ‘ग्वानां’ना, म्हणजे गुरूंच्या शाळांना, एकत्र आणायला त्यांना अनेक वर्षे लागली, १९७२ मध्ये सोलला कुक्कीवॉन हे तायक्वांदोचे मुख्य केंद्र उभे राहिले, हाताऐवजी लाथेला मान मिळाला आणि २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकच्या पदकांपर्यंत पोचला. आज ती लाथ पाहून कोणी कराटे म्हणणार नाही. कराटेच्या नावाचा ‘चिनी हात’ हा अर्थही १९३० च्या दशकात अक्षर बदलून ‘रिकामा हात’ झाला, तरी कराटेला नक्कल म्हणायचे आमच्या मित्राच्या मनात आले नाही. बोधिधर्माला कसरतींशी जोडणारा ग्रंथ तर त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिला गेला.

आणि राज्याचे वयच मोजायचे, तर आपले प्रजासत्ताक १९५० चे, महाराष्ट्र १९६० चा, आणि दांडपट्टा राज्यशस्त्र ठरला २०२४ मध्ये. त्यामुळे तो कालचा ठरतो का?

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळा सुटली की दोजांगची, म्हणजे तायक्वांदोच्या तालमीची, पिवळी गाडी तिला घेऊन जाते. एकदा कमरपट्ट्याची दोन टोके सारखी आली नाहीत म्हणून ग्वानजांगनिमनी, म्हणजे तिथल्या गुरूंनी, तिला तीनदा गाठ सोडायला लावली आणि तिने हूं की चूं न करता ती पुन्हा बांधली. ती शिस्त पाहताना मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचले. मी शिवाजी पेठेत वाढलो. तालीम घरापासून शंभर पावलांवर होती आणि संध्याकाळी लाठ्यांचा आवाज आमच्या माडीवर येई, पण मी शिकवणीला जात राहिलो. दांडपट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीत, माझा हात कधी गेलाच नाही. ज्या कलेसाठी मी परदेशात बसून हिरिरीने बोलतो, ती मला येत नाही.

गेल्या सुट्टीत मुलीला त्या तालमीत घेऊन गेलो. तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि पहिला पट्टा कोणत्या रंगाचा असतो, असे विचारले. वस्ताद म्हणाले, ‘बाळ, आपला पट्टा कमरेला नाही, हातात असतोय.’ मग त्यांनी तिच्या हाती लाठी दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तू पेठेतलाच न्हवं? कधी दिसला न्हाईस.’ मला उत्तर देता आले नाही. मागे मुलगी लाठी फिरवत कोरियनमध्ये एक, दोन, तीन मोजत होती: हाना, तूल, सेत. वस्तादांनी तिला थांबवले नाही.