बोटीचे कागद : ‘उगाच घाबरवता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत जुनी बोट घेताना आधी कागद बघा, पैसे नंतर द्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात राहता. मेन राज्यातून १९८४ची सतरा फुटी मोटरबोट घेतलीत. विकणाऱ्याने टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, दिलं नाही, तरी डीएमव्हीत (राज्याच्या वाहन-नोंदणी कार्यालयात) एका फेरीत नोंदणी झाली. म्हणून ‘टायटल आणि रजिस्ट्रेशन एकच, बोट म्हणजे पाण्यावरची कार, तुम्ही लोकांना उगाच घाबरवता’. ज्याला राज्याराज्यांच्या भानगडी नकोत त्याने सरळ कोस्ट गार्डकडे (केंद्राच्या सागरी रक्षक दलाकडे) नोंदणी करावी, हा तुमचा सल्ला. आणि जाता जाता एक प्रश्न: हीच बोट न्यू जर्सीतल्या मेव्हण्याला विकायची आहे, तर काय करावं?

तुमचा अनुभव खराच आहे. त्यावरून तुम्ही काढलेला नियम मला पटत नाही. तुमचं काम एका फेरीत का झालं, ते तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: १९८४. न्यूयॉर्क टायटल देतं ते १९८७ किंवा नंतरच्या मॉडेलच्या आणि किमान १४ फूट लांबीच्या मोटरबोटींना. त्याआधीच्या बोटीचं तिथलं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा कागद. विकताना त्यावरच सही करून तो पुढच्याला द्यायचा. मेन तर बोटींना टायटल देतच नाही. म्हणजे ज्या राज्यातून बोट आली तिथे टायटल नाही, आणि जिथे आली तिथे त्या वयाच्या बोटीला ते लागत नाही. दोन्ही फासे तुमच्या बाजूने पडले. हीच बोट १९९५ची असती आणि न्यू जर्सीतल्या कुणाकडून टायटलशिवाय घेतली असतीत, तर खिडकीवरूनच परत फिरावं लागलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सातबाऱ्याचं घेऊ. सातबाऱ्यावर नाव असतं, पण ती महसुलाची नोंद. जमीन कुणाची याचा शेवटचा शब्द तो नव्हे, त्यासाठी खरेदीखत काढावं लागतं. बोटीचं रजिस्ट्रेशन साधारण त्या जातीचं. पाण्यावर पोलिसांनी अडवलं तर ही बोट कुणाच्या नावावर, कुठल्या राज्याची, एवढं त्यातून कळतं. मोटर असलेल्या बोटीला नंबर हवा ही अट केंद्राची. आजची चौकट १९७१च्या फेडरल बोट सेफ्टी अ‍ॅक्टपासूनची. नंबर देण्याचं काम राज्यांकडे, पण साचा देशभर एकच: राज्याची दोन अक्षरं, मग आकडे, मग आणखी अक्षरं. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना, किमान तीन इंच उंचीची ठसठशीत अक्षरं, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या रंगात. म्हणून सगळीकडे एकसारखंच दिसतं आणि ‘नियमही एकच असणार’ असं वाटतं.

टायटलला असा देशव्यापी साचा नाही. देशभरच्या राज्यांसाठी २०११मध्ये एक नमुना कायदा तयार झाला, व्हर्जिनिया, कनेटिकट, फ्लोरिडा अशा मोजक्या राज्यांनीच तो उचलला. बाकी ज्याचा त्याचा कारभार. न्यू जर्सीत १२ फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल लागतं. पेनसिल्व्हेनियात इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनच्या बोटीला लागतं, आउटबोर्डची (मागे बाहेरून लावलेल्या मोटरची) असेल तर १४ फूट आणि १९९७ पासूनचं मॉडेल असेल तर. आणि तिथे हे काम डीएमव्ही बघतच नाही, मासेमारी आणि बोटींचं वेगळं कमिशन आहे ते बघतं. टेक्सासात बोटीचं टायटल वेगळं आणि आउटबोर्ड मोटरचं वेगळं! मोटर बदललेली जुनी बोट तिथून घेतलीत तर दोन कागद मागा. आणि हडसन नदीचंच बघा: १४ फुटी, बिनमोटरची शिडाची बोट न्यूयॉर्कच्या काठाला नोंदवावीच लागत नाही, समोरच्या न्यू जर्सीत तिला नोंदणीही हवी आणि टायटलही.

कारची उपमा आणखी एका ठिकाणी फसते. कार आपण राहतो त्या राज्यात नोंदवतो. बोट मुख्यतः ज्या राज्याच्या पाण्यात चालते त्या राज्याचा नंबर तिला लागतो. एडिसनमध्ये राहणाऱ्या कुणाची बोट सगळा उन्हाळा पेनसिल्व्हेनियातल्या लेक वॉलनपॉपॅकला बांधलेली असेल, तर पत्ता जर्सीचा असला तरी नंबर पेनसिल्व्हेनियाचा. चार दिवस दुसऱ्या राज्यात फिरवून आणायला हरकत नाही. मुक्काम हलवला तर केंद्राच्या नियमाप्रमाणे जुना नंबर साठ दिवस चालतो, काही राज्यं त्याहून जास्त मुदत देतात. बोट रस्त्याने ओढून न्यायच्या ट्रेलरचं गणित मात्र गाडीसारखंच, त्याची पाटी आणि कागद वेगळे. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देतो.

आता मी ज्यासाठी ‘घाबरवलं’ तो मुद्दा: कर्ज. टायटल देणाऱ्या राज्यात बोटीवर बँकेचा बोजा असेल तर तो टायटलवरच लिहिलेला असतो, कागद हातात घेतला की दिसतो. टायटल नसलेल्या राज्यात बँक आपला हक्क राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंदवून ठेवते, विकणाऱ्याच्या नावाने. रजिस्ट्रेशनच्या कागदावर त्याचा मागमूस नसतो. तुमच्या चाळीस वर्षं जुन्या बोटीवर कोण कर्ज देणार, तेव्हा तुम्हाला तपासायची गरज पडली नाही. पण तीस हजार डॉलरची, चार वर्षांपूर्वीची बोट मेनमधून घेणाऱ्याने ही नोंद न तपासता चेक लिहिला, तर विकणाऱ्याने हप्ते थकवल्यावर बँक बोट न्यायला येईल ती नव्या मालकाच्या दारात. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर मी यापुढेही घाबरवीन.

दुसरी गोष्ट बोटीवरच वाचता येते, त्याला कागदही लागत नाही. बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, उजव्या बाजूला वरच्या कडेलगत, बारा अक्षरी हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक) असतो, म्हणजे एचआयएन. नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा आहे. कधी मेणाच्या पॉलिशखाली बुजलेला असतो, कधी वर स्टिकर चिकटवलेलं. फडक्याने पुसायचा आणि तिरप्या उजेडात वाचायचा, दिसेनासा झाला असेल तर त्यावरून हाताचं बोट फिरवून. शेवटची चार अक्षरं महत्त्वाची. ‘२०२० मॉडेल’ म्हणून जाहिरात केलेल्या एका बोटीवर मी ‘जी७१८’ असा शेवट वाचला आहे: जी म्हणजे सातवा महिना, जुलै, ७ म्हणजे २०१७, आणि मॉडेल २०१८. विकणारा म्हणाला, विकली २०२० साली होती. विकली असेल, नाही कोण म्हणतं! पण कागदावर आणि फळीवर एकच वर्ष हवं. ऑगस्ट १९८४ पासून हाच क्रमांक बोटीत दुसऱ्या एका दडलेल्या जागीही घालावा लागतो, त्यामुळे चोरीच्या बोटीवर मागचा क्रमांक खरवडला तरी ओळख पुसली जात नाही.

कोस्ट गार्डचा सल्ला देताना तुम्ही एक अट विसरलात, आणि आपल्या वाचकांत ती बहुतेकांना आडवी येणार: मालक अमेरिकेचा नागरिक हवा. एच-१बी चालत नाही, ग्रीन कार्डही चालत नाही. शिवाय बोट किमान पाच नेट टनांची हवी. हा टन वजनाचा नाही, आतल्या जागेच्या मापाचा. साधारण पंचवीस फुटांच्या पुढच्या बोटी त्यात बसतात. तुमची सतरा फुटी त्यात बसणं कठीणच. बसली तरी राज्य सुटत नाही: फ्लोरिडात कोस्ट गार्डकडे नोंदलेल्या बोटीलाही राज्याची नोंदणी लागते. मोठी बोट घेऊन परदेशी बंदरांत जायचं असेल, किंवा बँकेनेच अट घातली असेल, तर तो मार्ग उत्तम. आणि तो घेतलात तर नूतनीकरणाच्या नावाखाली सरकारी थाटाची पत्रं पाठवून जादा पैसे उकळणाऱ्या खाजगी कंपन्यांपासून सांभाळा. खरं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियात फॉलिंग वॉटर्सला आहे.

राहिला मेव्हण्यांचा प्रश्न. तुमच्याकडे टायटल नाही आणि न्यूयॉर्क ते देणारही नाही, पण सतरा फूट लांबीमुळे न्यू जर्सीत त्यांना ते काढावं लागेल. तेव्हा तुमचं न्यूयॉर्कचं मूळ रजिस्ट्रेशन सही करून त्यांना द्या, झेरॉक्स नको. सोबत बिल ऑफ सेल: तारीख, किंमत, मॉडेल, लांबी, पूर्ण एचआयएन आणि दोघांच्या सह्या. मेनच्या विक्रेत्याने तुम्हाला दिलेलं बिलही शोधून जोडा. एचआयएनचा फोटो किंवा पेन्सिल घासून काढलेला ठसा अनेक ठिकाणी मागतात, तो बोट तुमच्या अंगणात आहे तोवरच घेऊन ठेवा. नात्यातला व्यवहार म्हणून बिलावर एक डॉलर लिहू नका. जितके पैसे घ्याल तितकेच लिहा. न्यू जर्सीत बोटीवरचा विक्रीकर नेहमीच्या निम्म्या दराने, ३.३१२५ टक्के आहे. दोन हजारांच्या बोटीवर तो सत्तर डॉलरच्या आतच येतो.