बिडाचा रेडिएटर आणि पहाटेची ठणठण

पहाटे पाचला भिंतीतून आवाज येतो, ठण्ण! मग ठण-ठण-ठण. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत पहिला हिवाळा काढणारा मराठी माणूस वरच्या मजल्याला शिव्या घालतो. वरचे बिचारे घोरत असतात. ठोकाठोक चाललेली असते कोपऱ्यातल्या, वाफेने खोली तापवणाऱ्या बिडाच्या रेडिएटरची, आणि मी त्याचा वकील म्हणून सांगतो, गुन्हेगार बहुतेक वेळा आपणच असतो.

या एकनळी पद्धतीत वाफ वर येते आणि तिचं गार झालेलं पाणी खाली जातं, दोन्ही एकाच नळीतून. पेठेतल्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर याव्यात तसं. त्यात उकडतंय म्हणून आपण नळीवरची झडप अर्धी फिरवतो. मग पाणी अडतं आणि वाफ त्याला ढकलत नेऊन आपटते. ती झडप म्हणजे गॅसचं बटण नव्हे. पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. मंद आच हवीच असेल तर थर्मोस्टॅटची झडप मिळते, पण ती बसते हवा सुटते त्या टोकाला.

तरी ठणठणला तर वर गवंड्याची लेव्हल ठेवून बघा. उतार नळीकडे हवा. नसेल तर पलीकडच्या पायांखाली पातळ पाचर सारा, पाव इंच पुरतो. लाकडाची तरफ वापरा आणि हलकेच उचला. हिसका दिला की नळीचा सांधा जातो, कंबर जाते ती वेगळीच.

नळी गरम, रेडिएटर गार? मग टोकाची अंगठ्याएवढी वायुझडप बघा. तिने फुसफुसत हवा सोडायची आणि वाफ पोचली की मिटायचं, एवढंच तिचं काम. रंगाऱ्याने तिलाही भक्तिभावाने रंग फासलेला असतो. सगळं गार असताना ती उलटी फिरवून काढा, नवीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्या आणि ती उभी राहील अशी बसवा.

बाकीच्यांचं काय? फॅन हीटर 1500 वॅटचा. 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह लावलात की अंधार. गरम हवेची भट्टी झटपट घर तापवते, पण हिंगाची फोडणी प्रत्येक बेडरूममध्ये पोचवते. बाहेरची उष्णता आत ओढणारा हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र तो वाफ करत नाही, कोमट पाणी देतो. पाण्यावरच्या रेडिएटरलाच तो चालतो, आणि तिथेही रेडिएटर व खोलीतला फरक 50 अंशांवरून 30 वर आला की उष्णता जवळजवळ निम्मी होते. जुनी बिडाची धुडं मुळातच अवाढव्य, म्हणून पुष्कळदा निभावतं.

बीड तापायला रडतं, पण वाफ थांबल्यावरही बराच वेळ ऊबदार राहतं. म्हणून विरजणासाठी मला तेच पसंत. पातेलं त्याच्या डोक्यावर मात्र ठेवू नका. तापलेलं बीड शंभर अंशांजवळ जातं, विरजण मरतं. हातभर अंतरावर स्टूल, त्यावर झाकलेलं पातेलं. सकाळी सुरीने कापावं असं दही लागतं.

अर्थात, पहाटेच्या ठण्णने स्टूल हललं नाही तर.